कालचं पुस्तक

लाखांदूरला बस स्टँडसमोर, कृषी केंद्र आणि चपलांचं दुकान यांच्या बेचक्यात रीनाचं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्सचं मशीन आणि तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातली एक मोडकी. रेशन कार्डाची झेरॉक्स, धानाच्या बोनसचा अर्ज, लग्नाची पत्रिका, वकिलाचं प्रतिज्ञापत्र, सगळं तिथे होतं. रीना बेचाळिशीची. बोलायला तिखट, कामाला चोख. अर्ज घेऊन आलेल्या माणसाने "जरा लवकर करा ना जी" म्हटलं की ती मुद्दाम सावकाश करते. हा खोडसाळपणा सगळ्या तालुक्याला माहीत आहे, तरी माणसं तिच्याकडेच येतात.

माहीत नाही ते वेगळंच. पुस्तकाचं पान जुळवण्यात ह्या बाईचा हात धरणारं माणूस आसपास सापडायचं नाही. पंधरा वर्षांपूर्वी ज्युनिअर कॉलेजच्या गणिताच्या मास्तरांनी तिला एक प्रोग्राम शिकवला, कारण नेहमीच्या टायपिंगमध्ये त्यांचे अपूर्णांक प्रश्नपत्रिकेभर सांडायचे. ह्या प्रोग्राममध्ये मजकूर साधाच लिहायचा आणि मध्ये मध्ये कंसात हुकूम द्यायचे: इथे मथळा, इथे बारीक अक्षर, इथे नवं पान. मग एक बटण दाबलं की प्रोग्राम वरपासून खालपर्यंत सगळं वाचतो आणि छापायला तयार पानं काढून देतो. रीनाच्या दुकानात ह्याला 'शिजवणं' म्हणतात. कच्चा मजकूर डाव्या हाताला, शिजलेली पानं उजव्या हाताला, असा तिचा पडदा.

एखादा कंस बंद करायचा राहिला की प्रोग्राम मध्येच थांबतो आणि खाली इंग्रजीत लांबलचक कुरकुर करतो. तो थांबला तर थांबला, पण उजव्या हाताची पानं तशीच राहतात. आधी जी शिजली होती ती. नीटनेटकी, देखणी, आणि जुनी. नवीन माणसाला वाटतं, आली की पानं! रीना काही नवीन नव्हती. पंधरा वर्षांत ती ह्या कुरकुरीला पुरती सरावली होती, आणि घोटाळा तिथेच होता. कुरकुर तर प्रत्येक वेळी व्हायची. ही ओळ सैल आहे, तो शब्द समासाबाहेर गेला, अमुक अक्षर सापडलं नाही. चाळीस ओळींच्या रडगाण्यात एखादी ओळ खरोखर छातीत दुखतंय म्हणून सांगत असेल, तर ऐकणार कोण?

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात दिघोरीचे डोमा गुरुजी तिच्या दुकानात आले. वय चौऱ्याऐंशी, रिटायर होऊन जमाना लोटलेला, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला आणि ऑपरेशनचं नाव काढलं की खोकला सुरू. काखेत तीन वह्या होत्या. छप्पन साली दिघोरीतून आणि आजूबाजूच्या टोल्यांवरून, म्हणजे वाड्या-वस्त्यांवरून, दीक्षा घ्यायला नागपूरला कोण कोण गेलं, कसं गेलं, सोबत काय भाकरतुकडा बांधून गेलं, हे गुरुजींनी घरोघर जाऊन वीस वर्षं विचारून लिहून ठेवलं होतं. एका माणसाच्या सांगण्यावर ते नाव घ्यायचे नाहीत. दोघांतिघांनी पाहिलं म्हटलं, तरच नाव वहीत जायचं. ह्या वह्यांचं पुस्तक करायचं आणि चौदा ऑक्टोबरला विहारात नावं वाचायची, असं त्यांनी ठरवलं होतं. नाव वाचलं की त्या घरचं माणूस उभं राहील, पुढे येऊन पुस्तक घेईल.

तपासायचं कसं, हा प्रश्न होता. गुरुजींना छापलेलं दिसत नव्हतं. मग रीना वाचायची आणि गुरुजी मोडक्या खुर्चीवर मान खाली घालून ऐकायचे. मध्येच हात वर करायचे, "त्याच्या बापाचं नाव चुकलं." रीना तिथल्या तिथे दुरुस्त करायची. तिथल्या तिथे करायची म्हणून ती डाव्या हाताचा कच्चा मजकूरच वाचायची. शिजलेली पानं कशाला वाचायची? दुरुस्ती करायला परत डावीकडेच यावं लागतं. चार महिने असंच चाललं. सगळं पुस्तक कानाने तपासलं गेलं आणि कानाला छापील पान कधी दिसलंच नाही.

ऑक्टोबर उजाडला तेव्हा एकशे अकरा नावं पक्की झाली होती. एकशे बारावं अडून बसलं होतं. ते पारबताचं.

पारबता ही रंभाबाईची आई. रंभाबाई आज पंचाहत्तरीच्या, दिघोरीत मुलासुनेकडे राहतात. गावाचं म्हणणं असं की पारबता नागपूरला गेलीच नाही. हलक्या धानाची कापणी लागली होती, ती मजुरीला राहिली, आणि लोक परत आले तेव्हा त्यांच्यात मिसळून गेली. हे म्हणणं मुळात मंगलाबाईच्या आईचं. गावची माणसं ज्या ट्रकने नागपूरला गेली त्या ट्रकमध्ये ती होती आणि ट्रकमध्ये पारबता नव्हती, एवढं तिने शेवटपर्यंत सांगितलं. खोटं नव्हतं ते. आई गेली आणि मंगलाबाईने ते बोलणं वारशाने चालवलं. मंगलाबाई विहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, आवाज खणखणीत, म्हणून ते बोलणं गावात टिकलंही. भांडण नाही, शिवीगाळ नाही. दरवर्षी चौदा तारखेला कोणीतरी सहज बोलून जायचं, आणि रंभाबाई खाली मान घालून फुलं निवडत बसायच्या. अडुसष्ट वर्षं!

गुरुजींनी पारबतासाठी तीन गावं पालथी घातली. शेवटी वडशाकडच्या एका म्हाताऱ्या नावाड्याच्या घरी आणि आणखी दोन ठिकाणी त्यांना जुळणारी हकीकत मिळाली. ट्रक चुकला म्हणून पारबता एकटी निघाली, डोंग्याने वैनगंगा ओलांडली आणि वडशाला आगगाडीत बसली. गुरुजी शुक्रवारी सकाळच्या बसने लाखांदूरला आले, तेव्हा त्यांचा चेहरा लग्न जुळवून आलेल्या माणसासारखा होता. नागपूरच्या प्रेसला दुपारी बाराच्या आत फाईल हवी होती. रीनाने पारबताची नोंद घातली, प्रस्तावनेत एकशे अकराचे एकशे बारा केले आणि गुरुजींना वाचून दाखवलं. गुरुजींनी मान हलवली. मग म्हणाले, एक वाक्य राहिलं, पाठीवर पोरगी होती तेही घाल. रीनाने ते घातलं. घालताना कंस उघडला आणि बाहेर झेरॉक्सला माणूस हाका मारत होता म्हणून बंद करायचा विसरली.

तिने बटण दाबलं. खाली कुरकुर झाली. उजवीकडे पुस्तक होतंच. मुखपृष्ठ बरोबर, पानं चौसष्ट, आकडे ओळीत. तिने फाईल पाठवली आणि गुरुजींना चहा पाजला. पाठवलं ते गुरुवारचं पुस्तक होतं. त्यात नावं एकशे अकरा होती आणि प्रस्तावनाही एकशे अकराच म्हणत होती. म्हणजे जुनं पुस्तक आपल्यापुरतं अगदी बरोबर होतं. चुकीचं दिसलं असतं तर कोणी थबकलं तरी असतं.

चौदा तारखेला विहार भरला. गुरुजींच्या डोळ्यांमुळे नावं वाचायचं काम त्यांच्या पुतण्याने, सुगतने घेतलं. रीना बायकांत दुसऱ्या रांगेत बसली होती. घरं गल्लीच्या क्रमाने होती, त्यामुळे आपला नंबर कुठे येतो हे ज्याला त्याला ठाऊक होतं. पारबताचं नाव पुस्तकात आहे, असा गुरुजींचा निरोप रंभाबाईंना आधीच मिळाला होता. शेजारच्या घराचं नाव झालं आणि त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला, गुडघा उचलला, अर्ध्या उठल्या. सुगतने पुढचं नाव वाचलं. ते पलीकडच्या घराचं होतं. तिथला माणूस उभा राहिला, पुस्तक घेऊन गेला. रंभाबाई तशाच अर्ध्या उभ्या होत्या. मग हळूच खाली बसल्या.

रीनाला तिथेच कळलं. काय झालं, कधी झालं, कोणती कुरकुर होती, सगळं एका क्षणात कळलं. तरी ती उठली नाही, हे सांगायलाच हवं. सुगतने आणखी सात नावं वाचली तोवर ती मूग गिळून बसून होती.

उठले ते गुरुजी. त्यांना पुस्तक दिसत नव्हतं, पण नावं तोंडपाठ होती.

"थांब. पारबता राहिली."

सुगतने पानं मागे-पुढे केली. पुस्तकात नाही म्हणाला. गुरुजी म्हणाले, आहे, मी स्वतः ऐकलं. सुगतने प्रस्तावना काढून दाखवली, इथेही एकशे अकराच लिहिलंय म्हणाला, आणि काकांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना बसवायला लागला. आता विहारातल्या अर्ध्या लोकांना वाटलं की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, आणि उरलेल्या अर्ध्यांना वाटलं की म्हातारा दयेपोटी खोटं बोलतोय.  मंगलाबाईंना काही बोलायची गरजच उरली नव्हती. छापून आलं होतं ना!

तेव्हा रीना उठली. ती म्हणाली, गुरुजी खरं सांगून राहिले. नाव मी घातलं होतं. यंत्राने चूक दाखवली, मी पाहिली नाही, आणि त्याने कालचं पुस्तक पुढे केलं. हे पुस्तक कालचं आहे. गुन्हेगार मी आहे.

कोणाला काही समजलं नाही. यंत्र कालचं पुस्तक आज कसं देईल? शिळी भाकर आहे का? एकजण हसलाही. सुगतने समजूतदारपणे सुचवलं की आपण नाव आत्ता तोंडाने वाचून घेऊ. त्यावर रंभाबाई पहिल्यांदा बोलल्या. आवाज चढवला नाही.

"तोंडानं सांगाचं तं आजवर होतंच. छापलेलं पाह्यजे होतं मले."

आणि सुनेचा हात धरून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी रीनाने दुकान उघडलं नाही. कंस बंद केला, पुस्तक शिजवलं आणि पारबताचं पान छापून दिघोरी गाठली. शुद्धिपत्र छापून प्रत्येक पुस्तकात चिकटवू म्हणाली. रंभाबाईंनी ऐकून घेतलं आणि नको म्हटलं. चिकटवलेली चिठ्ठी म्हणजे मागून घुसवलेली बाई, लोक तेच म्हणतील. म्हातारी शिकलेली नव्हती, पण छापील कागदाची जात तिला रीनापेक्षा बरी कळत होती. मग रीनाने ठरवलं, वाटलेली सगळी पुस्तकं परत घ्यायची आणि नवीन छापून द्यायची. स्वतःच्या खर्चाने. घरच्यांनी डोक्याला हात लावला.

ह्याच दिवसांत तिने प्रोग्राम बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं. हा प्रोग्राम कोणा एका कंपनीचा नाही, जगभरातली हौशी माणसं मिळून तो चालवतात. त्यांच्यातला एक मनिष, मूळचा आंधळगावचा, आता पुण्यात. देवनागरीचं काम तोच बघतो. त्याने पत्र वाचून फोन केला. माणूस सज्जन होता. म्हणाला, ताई, जुनी पानं ठेवतो ती लोकांच्या सोयीसाठी. कोणी चारशे पानांचा प्रबंध लिहीत असतो, दर मिनिटाला कुठला तरी कंस उघडा असतो. प्रत्येक वेळी पानं गायब झाली तर माणूस वेडा होईल. दुसरे काही प्रोग्राम जमेल तेवढं शिजवून देतात, चुकलेला भाग गाळून. तेही लोकांना आवडतं, चूक कुठे आहे ते लगेच दिसतं.

रीना म्हणाली, गाळून देणं तर आणखी वाईट. गाळलेलं कोणाला दिसतं? आणि जुनं ठेवायचं तर ठेवा, पण त्याच्यावर आडवा काळा पट्टा मारा, हे जुनं आहे म्हणून. ज्याला काम करायचं तो पट्ट्याखालून वाचेल. प्रेसवाला तरी विचारेल, बाई, हा पट्टा कसला?

मनिषला ते पटलं. पट्ट्याची सोय करता येईल म्हणाला, सेटिंगमध्ये ठेवू, ज्याला हवं त्याने चालू करावं.

"ज्याले सेटिंग माहीत आहे त्याले पट्ट्याची गरजच नाही, भाऊ. मले माहीत नोतं. माझ्यासाठी काय ठेवता?"

 मनिषने तिचं म्हणणं आपल्या मंडळींसमोर मांडलं. तिथे अजून वाद चालू आहे, एक बाजूने आणि दोन विरुद्ध. रीना त्यांच्यासाठी थांबली नाही. तिने आपल्या कॉम्प्युटरवर दोन ओळींचा हुकूम लिहून ठेवला: शिजवायच्या आधी जुनं पुसून टाक. आता चूक झाली की उजवीकडचा पडदा पांढरा फटक राहतो. गिऱ्हाईक विचारतं, काय झालं? ती सांगते, अजून झालं नाही. हाती काही नसलेलं परवडलं, असं तिचं मत झालंय, आणि ते ती कोणालाही, न विचारता, ऐकवते.

पुस्तकं परत मिळवायला तिला पंधरा दिवस लागले. तीनशे पुस्तकं होती. निम्मी विहारातच पडून होती, ती सुटली. बाकीची दिघोरीत, टोल्यांवर, लेकीबाळींच्या सासरी. ती प्रत्येक घरी जाऊन तेच तेच सांगायची, मशीन, काल, चूक माझी. लोक कंटाळून पुस्तक द्यायचे. दोनशे नव्व्याण्णव जमली.

तीनशेवं मंगलाबाईंकडे होतं. रीना तीनदा गेली. मंगलाबाईंनी चहा दिला, बसायला खुर्ची दिली, पुस्तक दिलं नाही. ते त्यांच्या कपाटात लुगड्यांच्या घडीवर ठेवलं होतं. नवीन येईल ते येऊ दे म्हणाल्या, माझ्यापाशी पयलं आहे ते राहू दे. भुपेंद्र नावाचा त्यांचा मुलगा, तोही म्हणाला, माय, दे ना. नाही म्हणजे नाही. रीनाच्या डोळ्यांसमोर पुढची शंभर वर्षं उभी राहिली. कोणीतरी ते पुस्तक काढेल आणि म्हणेल, पाहा, पहिल्या पुस्तकात नव्हती.

नवीन पुस्तकं नोव्हेंबरच्या अखेरीस आली. पहिली प्रत घेऊन रीना रंभाबाईंकडे गेली. दुपारची वेळ होती, धान खळ्यावर गेलेलं, घरात म्हातारी एकटी अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. रीनाने पुस्तक हातात दिलं. रंभाबाईंनी ते उघडलं नाही. आधी विचारलं, जुनी सारी आली का?

वाटेत बसमध्ये रीनाने ह्या प्रश्नाचं उत्तर ठरवून ठेवलं होतं. आली म्हणायचं. म्हातारीला कोण सांगायला जातंय? तिचा जीव शांत होईल, आपलाही. पण प्रश्न समोर आला आणि तिला ते जमलं नाही.

"एक राह्यली, आजी. मंगलाबाईपाशी. देत नाही ते."

रंभाबाईंनी सूप खाली ठेवलं. विचारलं, तिच्या मायचं नाव आहे ना त्यात? रीना म्हणाली, आहे. मग रंभाबाई म्हणाल्या, मंग ते मंगला काहून देईन? माय आहे तिची त्यात. राहू दे.

 रीनाने पुस्तक उघडलं आणि पारबताची नोंद काढली. रंभाबाई नावावर बोट ठेवायचं म्हणाल्या, तिने बोट धरून तिथे ठेवलं. म्हातारीने बोट तिथेच ठेवलं आणि वाच म्हटलं. रीनाने वाचलं. ट्रक चुकला, ते वाचलं. डोंग्याने वैनगंगा ओलांडली, ते वाचलं. मग शेवटचं वाक्य, ज्याच्यापायी एवढं सगळं झालं ते: पाठीवर सहा वर्षांची मुलगी रंभा.

"पाठीवर नोती मी," रंभाबाई म्हणाल्या. "घाटापर्यंत पायीच गेली. मायच्या पाठीवर गठुडं होतं, मले कुठं बसवंन? डोंग्यात पाणी भरून रायलं होतं तं मी करवंटीनं उपसलं. नावाडी म्हणे, पोरगी कामाची आहे."

 प्रोग्रामने ह्या वेळी एक शब्द कुरकुर केली नव्हती. गुरुजींनी तीन गावं पालथी घातली होती, नावाड्याच्या घरच्यांना विचारलं होतं, वीस वर्षं दोघांतिघांचं ऐकल्याशिवाय वहीत नाव घेतलं नव्हतं. आणि डोंग्यात बसलेलं माणूस गुरुजींच्या घरापासून चार घरं सोडून राहत होतं.

"आजी, हे तुमी कोणाले सांगतलं काहून नाही?"

"मले कोणं विचारलं? मी लहान होती ना."

त्यांनी बोट नावावरून काढलं, पुस्तक पदराने पुसून मांडीवर ठेवलं आणि सूप पुन्हा हातात घेतलं.